रात्र मोजणारं झाड

परवा वणीहून येताना गाडीत धाकटा एकदम ओरडला, "आबा, ते बघा, लग्न!"

रस्त्याच्या डाव्या अंगाला दोनेक एकरांत बल्बच बल्ब. ओळीनं टांगलेले. मांडव नाही, बँड नाही, माणूसही नाही. ड्रॅगन फ्रूटची बाग होती ती. निवडुंगाच्या कुळातलं काटेरी झाड सिमेंटच्या खांबांवर चढवलेलं, आणि ऐन डिसेंबरात रात्री साडेनऊला लख्ख उजेडात उभं.

"झाडांना अंधाराची भीती वाटते?"

"भीती नाही रे. त्यांची रात्र चोरतोय मालक."

एवढं बोलून मी गप्प बसलो. गोष्ट अशी मध्येच तोडली की पोरं जेवायला न कुरकुरता बसतात, हा माझा जुना अनुभव आहे. जेवणं उरकल्यावर अंगणात शेकोटी पेटवली. आमच्याकडे शेकोटीला सरपण कमी पडत नाही. ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षाच्या काड्या बांधावर ढिगानं पडलेल्या असतात. पुण्याची ही दोन पोरं, मोठी नववीत आणि धाकटा पाचवीत, घोंगडी ओढून बसली. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

आपली गावरान तूर घ्या. मिरगाला पेरली काय, पाऊस लांबला म्हणून महिनाभर उशिरा टोकली काय, फुलायची ती जवळपास ठरल्या वेळीच. उशिराची तूर फक्त अंगानं लहान राहते. सोयाबीनचंही तेच. पेरणी हुकली की ते गुडघ्याएवढं होतं न होतं तोच फुलावर येतं, आणि शेतकरी कपाळावर हात मारतो. म्हणजे झाड स्वतःचं वय बघून फुलत नाही. मग काय बघतं? थंडी? पाऊस? खत? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भले भले पंडित अशीच उत्तरं देत होते.

"आणि खरं उत्तर कुणी शोधलं?" मोठीनं विचारलं.

"भांगेच्या झाडानं."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. "पोरांना काय शिकवताय?" आजीनं विचारलंच.

आजीला सांगितलं की विज्ञान शिकवतोय. तिचा विश्वास बसला नाही, पण भांडी पुन्हा वाजायला लागली. मोठी म्हणाली, "मी बघितलंय भांगेचं झाड. आपल्याच बाजरीच्या कडेला होतं. हाताच्या बोटांसारखी पानं, कातरलेली."

ती अंबाडी, बाई! आजी लसूण घालून जिची भाजी करते तीच. अशी फसगत मोठमोठ्यांची होते. अंबाडीचं पान भांगेसारखं दिसतं म्हणून लिनियस या स्वीडनच्या पंडितानं तिच्या शास्त्रीय नावातच भांगेचं नाव घालून ठेवलं, हिबिस्कस कॅनाबिनस. इंग्रज तिला डेक्कन हेम्प म्हणत, दख्खनची भांग. द्राक्षाच्या दोन ओळींत हिरवळीचं खत म्हणून आपण ताग पेरतो, त्यालाही इंग्रजांनी सन हेम्प करून टाकलं. दोहोंचा भांगेशी काडीचा संबंध नाही. अंबाडी जास्वंदीच्या घरातली, ताग हरभऱ्याच्या. ज्या झाडापासून दोरखंड निघतो ते हेम्प, असा साहेबाचा सोपा हिशोब. खऱ्या भांगेची सख्खी बहीण म्हणजे हॉप, बिअरला कडवटपणा देणारा वेल.

तर आता पॅरिसला चला. १९१०च्या आसपासचा काळ. ज्युलियन तुर्नुआ नावाचा एक तरुण संशोधक हॉप आणि भांग या दोन बहिणींवर काम करत होता. भर हिवाळ्यात त्यानं काचघरात भांगेचं बी पेरलं. आत ऊब, पाणी, सगळं होतं. झाडं वाढतील अशी त्याची अपेक्षा. पण ती चार-दोन पानांची, वीतभर, अजून दुधाचे दात न पडलेली रोपं फुलायलाच लागली! जे झाड उन्हाळ्यात पेरलं तर माणसाच्या डोक्यावर जातं, त्याला हिवाळ्यात एवढी घाई कसली?

तुर्नुआनं एकेक कारण खोडून काढलं. ऊब नाही, ओल नाही, माती नाही. शेवटी उरला फक्त उजेड. दिवसाचे तास कमी करून बघितले, आणि झाडं लवकर फुलली. उजेडाबद्दलचं त्याचं टिपण १९१२चं. १९१४ साली त्यानं आणखी पुढचं लिहिलं. दिवस आखडतो याच्यापेक्षा रात्र लांबते, हे खरं कारण असावं. एवढं मोठं गुपित त्याच्या मुठीत आलं होतं. मग पहिलं महायुद्ध पेटलं, तुर्नुआ लढायला गेला आणि मारला गेला.

धाकटा काड्या टाकायचा थांबला होता.

पुढे १९२० साली गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोन अमेरिकनांनी तंबाखूवर तेच दाखवून दिलं. मेरीलँड मॅमथ नावाची एक उंचच उंच तंबाखू उन्हाळाभर फुलायचं नाव घेईना. ते रोज तिच्या कुंड्या दुपारी अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवत. झाडाला वाटलं दिवस लहान झाला, आणि ती फुलली. नाव त्यांचं झालं. भांग आणि तंबाखू, माणसाला नादी लावणाऱ्या दोघींनी मिळून विज्ञानाला शहाणं केलं, हा योग मला तरी गमतीचा वाटतो.

तुर्नुआचा अंदाज पक्का ठरायला १९३८ साल उजाडलं. हॅम्नर आणि बॉनर यांनी गोखरू घेतलं. शेतातून आलात की धोतराला, पायजम्याला ज्याची काटेरी फळं चिकटून येतात, त्याच जातीचं. त्याला लांब रात्र दिली, फुललं. त्याच रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावून विझवला, झाड फुललंच नाही. दिवसामध्ये काळोख घालून बघितला, त्याला काही वाटलं नाही. म्हणजे झाड दिवस मोजत नाही, अखंड रात्र मोजतं. मध्ये कुणी जागं केलं की मोजणी पहिल्यापासून.

"मग झाडाचं घड्याळ कुठे असतं?" धाकट्याचा प्रश्न रास्त होता.

पानात. पानात फायटोक्रोम नावाचा एक रंगकण असतो, त्याची दोन रूपं. सूर्याच्या तांबड्या उजेडात तो एका रूपात असतो आणि अंधार पडला की हळूहळू दुसऱ्या रूपात उतरत जातो. उजेड पुन्हा आला की टुणकन् परत. झाडाच्या अंगात दिवस-रात्रीचा स्वतःचा ठेकाही असतो, त्याच्याशी या रंगकणाचा निरोप जुळवून ते ठरवतं की रात्र पुरेशी झाली की नाही. घड्याळ पानात आणि फूल शेंड्याला, मग मध्ये निरोप्या हवा. चैलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात शेवंतीवर प्रयोग करून त्या निरोप्याचं नावही ठेवलं, फ्लोरिजेन. पण तो हाती लागायला सत्तर वर्षं गेली. २००७च्या सुमारास कळलं की तो एक छोटंसं प्रथिन आहे. बारसं आधी आणि पोर सत्तर वर्षांनी!

आता ती बल्बांची बाग कळेल. ड्रॅगन फ्रूटला लहान रात्र आवडते. हिवाळ्याची लांब रात्र दिव्यांनी तोडली की त्याला उन्हाळा वाटतो आणि ते अवेळी फुलतं. शेवंतीचं उलट, तिला लांब रात्रच हवी. म्हणून पॉलिहाऊसवाले झाड पुरेसं वाढेपर्यंत रात्री दिवे लावून तिला फुलू देत नाहीत. भांग शेवंतीच्या पंगतीत बसणारी.

इथपर्यंत ठीक होतं. पण मोठी हुशार आहे. म्हणाली, "आबा, आपल्याकडे तर पॅरिसएवढा मोठा दिवस कधी नसतोच. मग आपल्याकडची भांग कायम वीतभरच राहायला हवी."

शाब्बास! गोष्टीचा गाभा हाच.

पॅरिसला जूनमधला सगळ्यात मोठा दिवस १६ तासांच्या वर जातो आणि डिसेंबरातला सव्वाआठ तासांवर येतो. आपली दिंडोरी २० अंश उत्तरेला. आपला मोठ्यात मोठा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा, लहानात लहान १० तास ५५ मिनिटांचा. वर्षभरात फरक जेमतेम अडीच तासांचा. विषुववृत्तावर तर तोही नाही. थंड देशातली उतावळी भांग इथे आणून पेरली तर जूनमध्येसुद्धा तिला रात्र मोठीच वाटेल, आणि तुर्नुआच्या रोपांसारखी ती बाळपणीच फुलून बसेल.

भांग मुळात आपल्या उष्ण देशातली नव्हे. ११० जनुकसंचांचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं निघालं की पूर्व आशियात, चीनच्या बाजूला, सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी माणसानं ती माणसाळवली. तिथून ती माणसांबरोबर दक्षिणेकडे उतरली. वाटेत जी रोपं उतावळी होती ती बुटकी राहिली, त्यांना बी थोडं आलं. ज्यांना कुणाला चुकून धीर धरायची खोड होती ती उंच वाढली, त्यांच्या पदरात मूठमूठ बी पडलं. पिढ्यांमागून पिढ्या अशीच चाळण लागली आणि धीर हाच तिचा स्वभाव झाला. उष्ण देशातली भांग लांब रात्रीची वाट बघते, आणि रात्र आली तरी सावकाश, तीन-तीन महिने फुलत राहते. पावसाळ्यात पेरा, थंडीत पिकणार. दोन माणसांएवढी उंच, पानाची बोटं बारीक आणि लांब, फुलोरा मोकळा. दमट हवेत घट्ट कणसाला बुरशी धरते, मोकळ्यातून वारा खेळतो. सोयाबीन ब्राझीलच्या उष्ण भागात नेताना तिथल्या शास्त्रज्ञांना हाच धीराचा गुण शोधून त्यात आणावा लागला, तेव्हा कुठे ते तिथे कमरेएवढं झालं.

आपल्या पूर्वजांना ती चांगली ठाऊक होती. पाणिनीच्या व्याकरणात तिळाचं शेत, उडदाचं शेत यांना काय म्हणावं त्याचा नियम आहे, आणि त्याच सूत्रात भंगेचं शेतही बसलंय. चांगल्या घरात वाईट निपजलं तर तुळशीत भांग आणि वाईटात चांगलं निघालं तर भांगेत तुळस, असं आपण अजून म्हणतो. पण ही भांग युरोपातल्या भांगेहून निराळी आहे, हे कुणी लिहून ठेवलं? गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यानं, आपल्या गोव्यात. त्याचं औषधी वनस्पतींवरचं संवादरूप पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं, त्यात ‘बांगे’वर एक प्रकरण आहे. त्याच्या देशातलं हेम्प ते हे नव्हे, हे त्यानं ओळखलं. फ्रान्सच्या लामार्कनं भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून तिला कॅनाबिस इंडिका असं वेगळं नाव दिलं ते १७८५ साली, म्हणजे ऑर्ताच्या पुस्तकानंतर २२२ वर्षांनी. ती वेगळी जात की एकाच जातीची घराणी, यावर पंडितांचं अजून भांडण चालू आहे. मी घराणी म्हणतो. किराणा आणि ग्वाल्हेर वेगळी, म्हणून राग काही वेगळा होत नाही.

मग हे घराणं परदेशी निघालं. १८३४ पासून मॉरिशसला आणि १८४५ पासून जमैकाला ऊसमळ्यांवर राबायला इथले करारबद्ध मजूर जहाजांतून गेले. मॉरिशसला गेलेल्यांत आपली मराठी माणसंही होती. गाठोड्यांतून बी गेलं आणि बीबरोबर शब्द गेला. जमैकात आजही गांजाला गांजाच म्हणतात, मॉरिशसच्या क्रिओल बोलीत गांदिया. आता नकाशा काढा. जमैका १८ अंशांवर. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई २० अंशांवर, दिंडोरीएवढीच, फक्त दक्षिणेला. ऋतू उलटे, पण रात्रींची मापं तीच. बियाला कळलंसुद्धा नसेल आपण समुद्र ओलांडला ते.

"आणि लंडनला नेलं असतं तर?"

नेलंच की! १९६०-७०च्या दशकांत गोरी तरुण पोरं भारतातून, थायलंडमधून, कोलंबियातून असलं बी घेऊन कॅलिफोर्नियाला आणि हॉलंडला गेली. अ‍ॅमस्टरडॅम ५२ अंशांवर. तिथे या उष्ण देशच्या झाडानं उन्हाळाभर उंची गाठली आणि धीरानं लांब रात्रीची वाट बघत बसलं. मनाजोगती रात्र मिळेपर्यंत सप्टेंबर सरला. फुलोरा पिकायला आणखी तीन महिने हवेत, आणि दारात बर्फ. पोरांनो, घड्याळ बंद पडलं नव्हतं, ते बरोबरच चाललं होतं. फक्त घरची वेळ दाखवत होतं.

मग त्या लोकांनी हिंदुकुश डोंगरातली अफगाणी भांग आणली. बुटकी, रुंद पानांची. लवकर येणाऱ्या थंडीच्या धाकात वाढलेली, त्यामुळे दोन महिन्यांत फुलोरा आटोपणारी. तिच्याशी आपल्या उंच घराण्याचं लग्न लावलं. आज तिकडे चित्रविचित्र नावांनी विकल्या जाणाऱ्या बहुतेक वाणांच्या रक्तात या दोन घराण्यांचं कमी-जास्त पाणी आहे. तिसरी एक रानटी बहीण व्होल्गाकाठी सापडली. यानिशेव्स्की या रशियन शास्त्रज्ञानं १९२४ साली तिला रुडेरालिस नाव दिलं. तिचा उन्हाळा इतका तोकडा, की तिनं रात्र मोजायचंच सोडलं. उगवल्यावर काही आठवड्यांनी फुलून मोकळी. संकर करणाऱ्यांनी तिलाही सोडलं नाही. या सगळ्या सोयरिकींत जुनी शुद्ध घराणी मात्र भेसळत चालली आहेत. भांगेचे पराग वाऱ्यावर कोसच्या कोस जातात. बाहेरचं संकरित बी कुणी डोंगरात पेरलं की शेजारच्या पिढीजात झाडाची कूस बदलते. गावरान बाजरीचं, गावरान कोंबडीचं जे झालं तेच.

परागांवरून आठवलं. भांगेत नर झाड वेगळं, मादी वेगळी. गांजा म्हणजे मादीचा राळ धरलेला फुलोरा, आणि पराग पडला की ती राळ धरायची सोडून बी धरते. इंग्रजी अमलात सरकारी परवान्यानं गांजा पिके. आपल्या मनमाड-भुसावळ लाइनवर पुढे जे खंडवा लागतं तिथे, नगर जिल्ह्यात, आणि बंगालमधल्या नौगावला. नौगावला या कामाचा खास कसबी असे, पोद्दार. साहेब त्याला ‘गांजा डॉक्टर’ म्हणत. फूल उमलायच्या आधी, नुसत्या गाठी बघून तो नर ओळखायचा आणि उपटून टाकायचा. सूक्ष्मदर्शक नाही, काही नाही. १८९३-९४ साली सरकारनं या सगळ्या धंद्याची चौकशी करायला आयोग नेमला, त्यानं देशभर फिरून १,१९३ साक्षी घेतल्या. माझ्या मते असल्या साक्षींतलं सगळ्यात मोलाचं ज्ञान पोद्दारासारख्यांचं होतं, आणि आज ते जवळजवळ बुडालं.

"आपण लावायचं का एक झाड? प्रयोगासाठी?" धाकटा.

आतून आजी आलीच. पण तिच्याआधी मी सांगितलं. १९८५च्या कायद्यानं परवान्याशिवाय हे झाड लावणं गुन्हा आहे, बांधावर एक लावलं तरी. तुमच्या वयाच्या डोक्याला त्याचा धूर वाईट, हे डॉक्टर ठामपणे सांगतात. उत्तराखंडात २०१८ पासून धाग्यासाठी परवान्यानं बिननशेची भांग लावतात, ती गोष्ट निराळी. आपल्याकडे नाही.

आणि परकं घड्याळ घेऊन जगणारं झाड बघायला भांग कशाला पाहिजे? अंगणापलीकडे बघा. द्राक्ष हे थंड मुलखातलं पोर. हिवाळा आला की पानं टाकून गाढ झोपायचं, वसंतात उठायचं, ही त्याची रीत. दिंडोरीत त्याला झोपायला धड थंडीच मिळत नाही, ते जागंच राहतं. म्हणून आपण एप्रिलला खरड छाटणी करतो, ऑक्टोबरला फळाची छाटणी करतो, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावतो. ज्या झाडाला त्याच्या देशात थंडी झोपवते आणि ऊन उठवतं, त्याला इथे कात्रीनं झोपवावं आणि कात्रीनं उठवावं लागतं. सगळा तालुका वर्षातून दोनदा एका झाडाचं घड्याळ लावत बसलेला असतो, आणि त्यालाच आपण द्राक्षशेती म्हणतो.

शेकोटी विझत आली होती. तारीख २१ डिसेंबर. सूर्य सहाच्या सुमाराला मावळला होता आणि सात वाजून पाच मिनिटांच्या आसपास उगवणार होता. वर्षातली सगळ्यात लांब रात्र.

धाकट्याला प्रयोग हवाच होता, म्हणून त्याला एक दिला. तुम्हालाही देतो. येत्या मिरगाला गावरान तुरीचे पाच दाणे एका कुंडीत टोका. महिन्यानं दुसऱ्या कुंडीत पाच. तिसरी कुंडी पहिलीबरोबरच भरा, पण ती अंगणातल्या अशा बल्बखाली ठेवा जो रात्रभर जळतो. तिन्हींना पहिलं फूल कधी येतं, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.